नौरंग मास्टरची लंबी

पंजाबातल्या आमच्या मंडी गोबिंदगढात, लोखंडाच्या भट्ट्यांच्या गावात, पांढरा कपडा घालणारा माणूस एकतर परगावचा असतो, नाहीतर पुढारी. बाकी आम्ही सगळे सकाळी कपडे घालतानाच संध्याकाळचा रंग धरून चालतो. नौरंग मास्टरच्या बँडचा गणवेश आधी पांढराशुभ्र होता, वर सोनेरी झालर. वऱ्हाड निघताना झकपक दिसणारी ही मंडळी मांडवाच्या दारात पोचेपर्यंत राखेत लोळून आल्यासारखी व्हायची. शेवटी मास्टरने कंटाळून सगळ्यांना वांगी रंगाचे कोट शिवले. शिंप्याने विचारलं, हाच रंग का? तर मास्टर म्हणाला, "मळला तरी मळल्याचं कबूल करत नाही, म्हणून."

मास्टरही तसाच. नौरंगरामने जन्मात कधी काही कबूल केलं नाही. साठी उलटली तरी मिशी काळीभोर, कानात अत्तराचा फाया आणि काखेत क्लॅरिनेट. त्याची बायको जिंदो म्हणायची, की फेरे घेतानाही ते लाकूड यांच्या काखेत होतं, त्यामुळे यांनी नेमकं कुणाशी लग्न केलं ते मला अजून कळलेलं नाही.

अर्धी मंडी लोखंड वितळवते आणि उरलेली अर्धी खोकते, असं बाहेरचे लोक म्हणतात. साफ खोटं. वितळवणारेही खोकतात. भट्टीवरचा माणूस पाळी सुटली की गुळाचा खडा तोंडात टाकतो, छातीतली काजळी खाली उतरते म्हणून. उतरते की नाही देव जाणे, पण गुळाच्या आडत्याने त्यावर घराचा दुसरा मजला चढवला. वाफ घ्यायची यंत्रं भाड्याने देणारा आहे, छातीचे फोटो काढणारे तर गल्लीगल्लीत आहेत. सगळ्यांचं बरं चाललंय. बरं चाललं की पोरांची लग्नं थाटात होतात आणि थाटात झाली की बँड लागतो. मास्टरचं घर या हिशोबावर उभं होतं.

मधे मंदी आली होती, तिची कहाणी मास्टर येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा. लोखंडाचा भाव पडला, भट्ट्या एकामागून एक थंड झाल्या आणि आभाळ असं काही निळं झालं की लहान पोरं घाबरली. गच्चीवरून शिवालिकचे डोंगर दिसायला लागले. पहिले चार दिवस अख्खी मंडी गच्चीवर. मग लोक खाली उतरले, कारण चूल खाली होती. लग्नं लांबली, जी झाली ती चहा-पकोड्यांवर उरकली. मास्टरचा खोकला महिन्याभरात गेला, आणि पिठाच्या डब्यातलं पीठही त्याच्या पाठोपाठ गेलं.

"काय छाती झाली होती माझी तेव्हा," तो सांगायचा. "पण वाजवू कुणापुढे? म्हशीपुढे वाजवलं, तर तिने दूध कमी केलं."

पुढे भट्ट्या पेटल्या, धूर आला आणि धुरामागून लग्नंही आली. तेव्हापासून मास्टरने मनाशी पक्कं धरलं, की चिमणीतून निघते ती लक्ष्मी. धुराला नावं ठेवणाऱ्याशी तो भांडायचा, आणि भांडता भांडता ठसका लागला की हवापालट झाला म्हणायचा.

मास्टरचं नाव झालं ते लंबीमुळे. आमच्याकडे मुलाकडचे लोक मांडवाच्या दारात आले की मिलनी होते, म्हणजे व्याहीभेट. व्याही व्याह्याला हार घालतो, मिठी मारतो आणि कमरेला धरून उचलतो. काका काकाला, मामा मामाला. कुणी कुणाला किती वर उचललं यावर पुढे वर्षानुवर्षं टोमणे चालतात. इतर गावांत उचललं, ठेवलं, संपलं. आमच्या मंडीत मास्टरच्या बापाने एक खोडी करून ठेवली आहे. मुलाच्या बापाने व्याह्याला उचललं रे उचललं की क्लॅरिनेटवाला वरचा एक सूर धरतो, न तोडता, एका दमात. ती लंबी. लंबी चालू आहे तोवर व्याही खाली ठेवायचा नाही. ठेवला तर मुलाकडचे हरले, मग मुलीकडच्या बायका जेवणं उठेपर्यंत गाण्यांतून त्यांची सालटी काढतात. या लंबीवर बापलेकांनी मंडीतल्या भल्याभल्यांच्या कमरा ढिल्या केल्या. लोक डीजे आणायला लागले तरी मिलनीला मास्टरच लागायचा. डीजेला दम लागत नाही, मग त्यात मजा काय राहिली?

पण गेले दोन-तीन हिवाळे लंबी आखूड होत चालली होती. व्याही मंडळी खूश, त्यांना वाटायचं आपणच धट्टेकट्टे आहोत. मास्टर म्हणायचा, "हल्लीच्या व्याह्यांच्या कमरा नाजूक, म्हणून मीच आवरतं घेतो." जिंदोला खरं काय ते ठाऊक होतं. नवरा आधी एका उशीवर झोपायचा, मग दोन लागल्या, आणि आता तर भिंतीला टेकून बसूनच डुलक्या घ्यायचा. तिने एक दिवस त्याला जवळजवळ ओढतच सरकारी दवाखान्यात नेलं.

तिथल्या तरुण डॉक्टरणीने मास्टरच्या हातात एक नळी दिली आणि जोरात फुंकायला सांगितलं. मास्टरने नळी उलटसुलट पाहिली, ओठ ओले केले आणि बोटांनी भोकं चाचपली. मग डोळे मिटून असा नाजूक सूर फुंकला की डॉक्टरणीला हसू आवरेना. बाबाजी, सूर नको, हवा हवी, म्हणाली ती. मास्टरने पुन्हा फुंकलं, पुन्हा फुंकलं, आणि खुर्चीला धरून उभा राहिला. तेव्हा तिचं हसू गेलं.

"छातीचा अर्धा कारभार बंद पडलाय," ती म्हणाली. "धुरात उभं राहून दम ओढता आणि जोर लावून फुंकता. उरलेलाही बंद पडेल. हिवाळ्यात वाजवायचं नाही."

"लग्नं हिवाळ्यातच असतात, बेटा."

"मग उन्हाळ्यात वाजवा."

"उन्हाळ्यात काय, भट्टीचा वाढदिवस करू?"

बाहेर आल्यावर मास्टर म्हणाला, यंत्रच खराब आहे, त्याला क्लॅरिनेटसारखी पत्तीसुद्धा नाही. घरी येऊन जिंदोने माळ्यावरची ट्रंक काढून पुसली आणि सांगितलं, की हिमाचलात ऊन्याला माझ्या भावाची एक खोली रिकामी आहे, हवा स्वच्छ आहे, हिवाळाभर तिकडे जाऊ. मास्टर म्हणाला, ऊन्याला वर्षाला दोन लग्नं होतात आणि दोन्हींत तुझा भाऊच तोंडाने पिपाणी वाजवतो. पण ट्रंक पुन्हा माळ्यावर ठेव, असंही तो म्हणाला नाही. जिंदोने तेवढ्यावरच आशा धरली.

अशात लाला सोमनाथांचं बोलावणं आलं. लालाजी म्हणजे तीन चिमण्यांचे मालक. त्यांच्या एकुलत्या एका मुलाचं, नकुलचं, लग्न ठरलं होतं सोलनच्या डोंगरातल्या मुलीशी. लालाजींच्याही खिशात दम्याचा फवारा असायचा. ते भिंतीकडे तोंड करून तो तोंडात मारायचे आणि कुणी पाहिलं तर वेलची खाल्ली म्हणायचे. सगळ्या मंडीला वेलचीचं गुपित माहीत होतं.

"नौरंगा," लालाजी म्हणाले, "बाजारात लोक बोलतात, सोमनाथ थकला म्हणून. मिलनीला लंबी अशी लाव, की माझ्या कमरेत अजून लोखंड आहे हे सगळ्यांना दिसलं पाहिजे. तुझ्या बापाने माझ्या बापाला लावली होती, तशी."

मास्टर हो म्हणून आला, आणि घराच्या पायरीवरच बसून राहिला. नाही म्हणायची सोय नव्हती. मास्टरचा दम गेला, हे एकदा बाहेर फुटलं की बँडवरची दहा घरं डीजेवाल्याच्या पायाशी. आणि वाजवायला उभा राहून मधेच सूर तुटला तर सगळ्यांदेखत नाव गेलं. बापाने कमावलेलं आणि आपण मिरवलेलं तेवढंच तर होतं घरात.

त्याला वीरजी, म्हणजे दादा, म्हणणारा चुलतभाऊ मंगत बँडात दुसरी क्लॅरिनेट वाजवायचा. मास्टरने युक्ती काढली ती अशी, की एकाचा दम संपायच्या आत दुसऱ्याने तोच सूर उचलायचा, पुन्हा पहिल्याने. गोठ्यात दार लावून तालीम सुरू झाली. मंगतचा दमही काही फार लांब जाईना, म्हणून तिसरा घेतला. तिसऱ्याला सर्दी, म्हणून चौथा. शेवटी बापाच्या वेळच्या जुन्या क्लॅरिनेट पेटीतून काढून पाच जणांचं कडं झालं. पाच माणसं, एक सूर, आणि सांधा कुठे आहे ते ओळखू येईना. म्हशीने पुन्हा दूध कमी केलं ते वेगळं.

"पण वीरजी, लोक बघतील ना," मंगत म्हणाला. "आंधळे आहेत का?"

"नोव्हेंबरात आहेत," मास्टर म्हणाला.

आणि खरंच, लग्नाच्या दिवशी मास्टरच्या मनासारखी हवा पडली. डोंगरातल्या लोकांना परतायचं होतं म्हणून लग्न दिवसाचं ठेवलं होतं. भोवतालच्या शेतांत भाताचे खुंट जळत होते आणि तो धूर चिमण्यांच्या धुरावर येऊन बसला होता. भरदुपारी गाड्यांचे दिवे लागलेले. वऱ्हाड निघालं तेव्हा बँडवाल्यांना मागून येणाऱ्या घोडीचं नाक दिसत होतं, नवरदेव दिसत नव्हता. मुलीचे वडील ठाकूर हेतराम, सडपातळ, लाल गालांचे गृहस्थ, पॅलेसच्या, म्हणजे लग्नाच्या हॉलच्या, दारात नाकाला रुमाल लावून उभे होते. जवळपास कुठे आग लागलीय का, असं त्यांनी काळजीने विचारलं. पॅलेसवाला म्हणाला, नाही जी, उलट सगळं छान चाललंय.

हार झाले, मिठ्या झाल्या. मग लालाजींनी ठाकूरसाहेबांच्या कमरेला मिठी घातली आणि त्यांना उचललं. मास्टरने सूर धरला.

धुरात पाच जण पाठीला पाठ लावून उभे होते. मास्टरचा दम संपत आला तसा मंगतने सूर उचलला, मंगतकडून तिसऱ्याने, तिसऱ्याकडून चौथ्याने. लोक आधी वाहवा करत होते, मग कुणीतरी शिट्टी मारली, मग हळूहळू सगळं चिडीचूप झालं. मास्टरला वाटलं, लोक थक्क झाले. सूर फिरून त्याच्याकडे आला तेव्हा त्याचे डोळे भरून आले. तीन हिवाळ्यांनी त्याला आपली जुनी लंबी ऐकू येत होती, अगदी बापाच्या तोडीची. त्याने मंगतला कोपर मारून खूण केली, अजून एक फेरा.

चार हातांच्या अंतरावर लालाजी जांभळे पडले होते. वरून ठाकूरसाहेब म्हणत होते, व्याही, ठेवा मला खाली, माझी काही हरकत नाही. लालाजींना बोलता येत नव्हतं. त्यांनी मान हलवली आणि पकड घट्ट केली. मुलीकडच्या बायका गाणं विसरल्या होत्या. मग धप्प असा आवाज झाला. त्यानंतरही सूर थोडा वेळ चालूच राहिला, कारण तिसऱ्याने नुकताच ताजा दम भरला होता.

मास्टर पुढे धावला तेव्हा लालाजी सतरंजीवर आडवे आणि ठाकूरसाहेब त्यांच्या पोटावर बसलेले. लालाजींच्या घशातून नुसती शीळ निघत होती. मुलीच्या एका आत्याने न लाजता त्यांचे खिसे उलटे केले आणि फवारा शोधून तोंडात धरला. पॅलेसवाल्याने प्राणवायूचा सिलिंडर आणला. हल्ली भाड्यातच येतो तो, खुर्च्या आणि ताटांबरोबर. मास्टर नुसता उभा राहिला. हा माणूस आपल्या फुंकरीने मरतोय, एवढंच त्याला कळत होतं.

अर्ध्या तासाने लालाजी आतल्या खोलीत खुर्चीवर उठून बसले. दोन्हीकडची माणसं दाटीवाटीने भोवती जमली होती. मुलाकडचेच दोन व्यापारी एकमेकांच्या कानाला लागले होते, की लाला संपला, एका सुरापुरता तग धरला नाही. लालाजींनी ते ऐकलं असावं. त्यांनी नाकावरची प्राणवायूची वाटी बाजूला केली आणि मास्टरला जवळ बोलावलं.

"तू जिंकलास, नौरंगा," ते म्हणाले. "एका माणसाच्या दमापुढे हरलो मी."

आता गप्प बसलं की झालं. मंगतने मागून मास्टरच्या कोटाचा घोळ ओढला, गप्प बस म्हणून. अशी लंबी मंडीत कुणी ऐकली नव्हती आणि ऐकणारही नव्हतं. मास्टर मेल्यावरही लोकांनी तिचं नाव काढलं असतं. मास्टरने लालाजींच्या तोंडाकडे पाहिलं. तीन चिमण्यांचा मालक पोरासारखा ओठ चावत होता.

"लालाजी, तो माझा दम नव्हता," मास्टर म्हणाला. "पाच जणांचा होता. माझी छाती अर्धी बंद आहे. मी एकट्याने वाजवलं असतं, तर व्याह्यांना खाली ठेवून तुमची जिलेबीसुद्धा खाऊन झाली असती."

मंगतने कोट सोडला.

"म्हणजे पाच जणांपुढे मी एकटा टिकलो?" लालाजींनी विचारलं.

"दुसरा फेरा निम्म्यावर आला होता."

लालाजी हसायला लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला, त्यांचं बघून मास्टरला लागला, मग मंगतला. मग त्या कानाला लागलेल्या व्यापाऱ्यांना लागला आणि बघता बघता अख्खं वऱ्हाड खोकायला लागलं. ठाकूरसाहेब मधे उभे राहून एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. खोकत नाही असा इथे कुणी आहे का, असं त्यांनी विचारलं. मागून कुणीतरी म्हणालं, "आहेत ना जी, तुम्ही आहात. पण तुम्ही आजच आलात."

ठाकूरसाहेब हसले नाहीत. त्यांनी लालाजींचा हात हातात घेतला आणि अगदी हळू सांगितलं, की लग्न मोडत नाही, पण माझी मुलगी इथे राहणार नाही. जावईबापूंनी वर यावं, सोलनला, तिथे मी धंदा लावून देतो. लालाजींनी नकुलकडे पाहिलं. नकुल इतक्या पटकन हो म्हणाला की सगळ्यांना कळलं, हा शब्द किती वर्षं त्याच्या जिभेवर होता. लालाजींनी वाटी पुन्हा नाकाला लावून दोन दम घेतले. मग म्हणाले, जा, माझीही ना नाही, पण सणाला या, आणि हवा बरी असेल तेव्हाच या. मास्टरला त्या माणसाची दया आली. ज्याच्यासाठी भट्ट्या पेटवल्या तोच निघून चालला होता.

मास्टर घरी गेला आणि जिंदोला सगळं सांगून टाकलं. आता बँड संपला म्हणाला. उसन्या दमाचा मास्टर कोण बोलावतो? जिंदोने त्याला गरम दूध दिलं आणि ट्रंकेत रजया भरायला घेतल्या. तिला इतकं हलकं वाटत होतं की ती गुणगुणत होती.

सकाळी दारात एक रोलिंग मिलवाला उभा. त्याला मुलाच्या मिलनीला पाच माणसांची लंबी हवी होती. त्याच्या मागोमाग भंगारवाला आला. रोलिंग मिलवाल्याने पाच घेतले असतील तर मला सात पाहिजेत, म्हणाला. आठवड्याभरात मंडीत एका माणसाची लंबी लावणं म्हणजे कंजूषपणा ठरला. वाजवणं सोडलेले म्हातारे मास्टरने घराघरांतून गोळा केले, शिंप्याला नव्या वांगी कोटांचं काम मिळालं, जुन्या क्लॅरिनेट विकणारा जालंधरहून येऊन उतरला. व्यापाऱ्यांच्या सभेत तर एकाने भाषणात मास्टरचा दाखला दिला, की बघा, जिथे एका माणसाला काम होतं तिथे आता पाच जणांची चूल पेटते, याला म्हणतात भरभराट. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मास्टरने ते भाषण जिंदोला मोठ्या तोऱ्यात ऐकवलं. ती अर्ध्या भरलेल्या ट्रंकेवर बसून पालक निवडत होती.

"तुमच्या बापाच्या वेळी हा सूर एका छातीत मावायचा," ती म्हणाली. "आता त्याला पाच छात्या लागतात. आणि टाळ्या कसल्या वाजवता?"

मास्टर तसाच उठून गोठ्यात तालमीला गेला.

तालमीत सूर फिरायला लागला. मास्टरकडून मंगतकडे गेला आणि तिथेच तुटला. पुन्हा धरला, पुन्हा तिथेच तुटला. मंगत म्हणाला, थंडी फार आहे, म्हणून मीच जरा आवरतं घेतो. मास्टर त्याच्याकडे बघत राहिला. मंगत त्याच्याहून दहा वर्षांनी लहान होता.

"उद्या माझ्याबरोबर चल," मास्टर म्हणाला. "छाती दाखवून येऊ."

"उद्या दोन मिलन्या आहेत, वीरजी."

"मग परवा."

"परवा तीन."

मास्टरने क्लॅरिनेट मांडीवर ठेवली. बाकीचे तिघे तो काय म्हणतो याची वाट बघत उभे होते. आत घरात जिंदो खोकत होती. तिला खोकताना त्याने आज पहिल्यांदाच ऐकलं. त्याने क्लॅरिनेट पुन्हा उचलली आणि मंगतचा तुटलेला दम सांधायला सहाव्या माणसाला निरोप धाडला.